पंधरा अँपिअर

बेरूतमध्ये सरकारी वीज दिवसाकाठी दोन तास येते,
कधी तीही नाही.
उरलेले तास आम्ही गल्लीतल्या जनरेटरवाल्याकडून विकत घेतो,
डॉलर मोजून, एक तारखेला.
आमच्याकडे पंधरा अँपिअर.
खालच्या मजल्यावर वार्तूहीबाईंकडे पाच होते,
मार्चपासून तेही तोडले.
हे मला माहीत होतं. जिना उतरताना
त्यांच्या दाराखालून मेणबत्तीचा उजेड दिसायचा
आणि मी पावलं हळू टाकायचे.

माझा लग्नाचा झगा त्यांनीच कंबरेत घेतला होता,
ओठांत टाचण्या धरून, चकार शब्द न काढता.
मजुरी सांगताना मात्र छताकडे पाहिलं होतं.

एप्रिलात कधीतरी ती वायर दिसली.
पांढरी, स्वस्तातली, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून
वाळत घातलेल्या चादरीमागून खाली उतरलेली.
"तिगिस्त, ही कधीपासून?"
ती भांडी घासत राहिली.
"त्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, मादाम."
तिगिस्तला आमच्याकडे पाच वर्षं झाली.
तिचा पासपोर्ट फादीच्या कपाटात, शर्टांच्या घडीखाली.
तिच्या खोलीत वॉशिंग मशीन आहे, पंखा नाही.
वायरीचं तिला सुचलं.

मी फादीला सांगितलं नाही.
या न सांगण्याचंच मला एवढं कौतुक
की वार्तूहीबाई जिन्यात भेटल्या की मी जरा थांबायचे,
मान कलती करून हसायचे.
त्यांनी आभार मानले नाहीत. एकदाही.
मला ते खटकलं.
खटकलं, हेही लिहून ठेवते.

ऑगस्टातला शनिवार. जेवायला आठ माणसं,
पॅरिसहून आलेला दीर, जाऊ, बँकेतले दोघे.
ओव्हनमध्ये कोकरू, दोन्ही एसी सुरू,
आणि कुणीतरी ग्लास फिरवत म्हणत होतं,
या देशात गरिबांनी जगायचं तरी कसं,
तेवढ्यात ब्रेकर पडला.
अंधारात सगळे हसले. मोबाइल उजळले.
मी चाचपडत आत गेले,
हाताला आधी लागला तो पांढरा प्लग.
हाताला लागला, असं मी स्वतःला नंतर सांगितलं.
ओव्हनचा शेजारीच होता.
उपसला. खटका वर केला.
बाहेर टाळ्या पडल्या.
तासाभरात लावू परत, म्हटलं.

रविवारी जाग आली तेव्हा अकरा वाजले होते.
तिगिस्त चर्चला गेलेली.
वायर ओट्यावर तशीच, प्लगचे दोन पाय वर करून.

दारावर टकटक.
वार्तूहीबाई. हातात थाळा, वर इस्त्रीचं फडकं,
खाली द्राक्षाच्या पानांत वळलेला खिमा, वाफाळता.
"पोरगा कॅनडाहून यायचाय, त्याच्यासाठी ठेवलेलं मांस.
वितळलं. टाकवेना.
रात्रभर बसून केलं, आता घरोघरी देतेय."
"आणि इन्सुलिन?"
"मातीच्या सुरईत, ओलं फडकं गुंडाळून.
आई दूध ठेवायची तसं."
मग त्यांनी छताकडे पाहिलं.
मी वाट पाहिली.
काहीच मागितलं नाही. पायऱ्या मोजत उतरल्या,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत.

त्या खाली पोचायच्या आत मी प्लग लावला
आणि खिडकीशी कान देऊन उभी राहिले,
फ्रीजची घरघर ऐकू येते का म्हणून.
नळाचा आवाज आला. मग तोही थांबला.
मागे फादी उभ्याउभ्याच खात होता.
"लिंबू अगदी बेताचं पडलंय," म्हणाला. "तू नाही घेत?"
मी घेतलं. चार खाल्ले.

थाळा अजून माझ्याकडेच आहे.
शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, आई म्हणायची.
घासून पुसून ओट्यावर ठेवलाय, वायरीशेजारी.
आज नववा दिवस.
तिगिस्त रोज तो उचलून खालची धूळ पुसते,
परत तिथेच ठेवते.